मंदाताईंची काळी पाच

कीबोर्डच्या छोट्या निळ्या स्क्रीनवर ‘ट्रान्सपोज’ असं दिसत होतं आणि त्यापुढे उणे चार. मला वाटलं, उचलून आणताना कोणाचा तरी हात लागला असेल. मी बटण दाबून ते शून्य केलं.

रविवारची दुपार होती. मंदाताईंच्या आकुर्डीच्या फ्लॅटमध्ये हॉटेलातल्या शुक्रवारच्या कार्यक्रमाची रिहर्सल होती. कीबोर्ड सलीमभाईंचा, ताईंना नेहमी साथ तेच करतात. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी स्टेजच्या लाइटपासून काही दिवस लांब राहायला सांगितलं होतं. म्हणून त्यांच्या जागी मी. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. त्याबरोबर लग्नाच्या संगीताला, शाळांच्या गॅदरिंगला पेटी आणि कीबोर्ड वाजवते. यालाही काम म्हणतात हे घरात अजून पूर्ण पटलेलं नाही. मलाही कधीकधी नाही पटत.

मंदाताई माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. गाण्याआधी त्या एक गोष्ट न चुकता करतात. स्वतःच्या बोटाने काळी पाच दाबतात, तो सूर डोळे मिटून ऐकतात, आणि मग तेच बोट कपाळाला लावतात. देवाचा अंगारा लावावा तसं.

काळी पाच म्हणजे काय ते सांगायला हवं. पेटीवर पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या असतात. एका सप्तकात काळ्या पाच. गाणाऱ्याचा सा ज्या पट्टीवर बसतो, ती त्याची पट्टी. पुरुष साधारण काळी एकच्या आसपास गातात, बायका काळी चार, काळी पाच. आमच्या लाइनमध्ये नाव-गाव विचारून झालं की पट्टी विचारतात. माझे वडील चाकणला प्रेस शॉपमध्ये आहेत. त्यांच्याकडे पट्टी म्हणजे पत्र्याची. ते म्हणतात, “आमची पट्टी चुकली तर बोट जातंय, तुमची चुकली तर नुसती लाज.”

मंदाताईंची काळी पाच. हे त्या ओळख करून देतानाच सांगतात. तरुणपणी संगीत नाटकात होत्या तेव्हापासून तीच. “एक घरसुद्धा खाली उतरले नाही मी,” असं म्हणताना त्यांची मान जरा वर होते.

त्या दुपारी त्यांनी बोट ठेवलं, सूर ऐकला, आणि त्यांच्या कपाळावर बारीक आठी आली. पण बोट कपाळाला लावलं. पद सुरू केलं. पहिली ओळ ठीक गेली. अंतऱ्यात सूर वर चढतो, तिथे आवाज फाटला.

“घसा बसलाय,” त्या म्हणाल्या. “परत घे.”

परत तिथेच फाटला. तिसऱ्या वेळी त्या ओळीच्या अलीकडेच थांबल्या आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. खाली रस्त्यावरून पीएमपीच्या बस जात होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता, पाठ दिसत होती. ती पाठ बघून मला एकदम भीती वाटली. आणि तेव्हाच उणे चार आठवलं.

त्या आलं किसायला स्वयंपाकघरात गेल्या तेवढ्यात मी आकडा होता तसा करून ठेवला.

त्या मध-आलं चाटून आल्या. बोट ठेवलं, कपाळाला लावलं, आणि गायला लागल्या. या वेळी अंतऱ्यात आवाज असा वर गेला, जसा पतंग हातातून सुटतो आणि आपण दोरा ओढायचं विसरून नुसते बघत राहतो. मी वाजवत होते, पण आपण वाजवतोय हे मला कळत नव्हतं.

“बघितलंस?” त्या म्हणाल्या. “मध आणि आलं. दोन मिनिटांत घसा उघडतो. या वयात माझा आवाज टिकलाय तो यामुळे. तू पण घेत जा.”

मी म्हणाले, “हो ताई.”

ट्रान्सपोज म्हणजे एक सोयीचं बटण. वाजवणाऱ्याची बोटं ज्या पट्टीवर बसलेली असतात तिथेच राहतात, आतला सूर मात्र वर-खाली सरकतो. उणे चार म्हणजे चार घरं खाली, काळी-पांढरी प्रत्येक पट्टी एक घर. बोट काळी पाचवर, ऐकू येणार काळी तीन. म्हणजे मंदाताई ज्या पट्टीला काळी पाच समजून नमस्कार करत होत्या, ती काळी तीन होती. कधीपासून, ते मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं का, तेही कळेना.

सोमवारी कॉलेजवरून मी काळेवाडीला सलीमभाईंच्या दुकानात गेले. त्यांचं गाडीच्या एसी रिपेअरिंगचं दुकान आहे. कीबोर्ड ही त्यांची शुक्रवारची दुनिया. ते काळा चष्मा घालून खुर्चीत बसले होते आणि एका गाडीखाली झोपलेल्या मेकॅनिकला आवाजावरून सूचना देत होते.

“कोण, सुवर्णा? बैस बेटा. माझ्या बाजाला त्रास नाही ना दिलास?”

मी विचारलं, “भाई, ते उणे चार...”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मेकॅनिकला म्हणाले, “चहा सांगून ये रे.” तो गेल्यावर आवाज खाली आणला. “शून्य केलंस?”

“केलं. परत होतं तसं ठेवलं.”

“त्यांनी गायलं शून्यावर?”

“हो.”

त्यांनी काळा चष्मा नाकावर नीट बसवला. “एकदम नाही केलं मी,” ते म्हणाले. “एका शुक्रवारी वरचा सूर लागेना त्यांचा. चेहरा बघवत नव्हता. पुढच्या शुक्रवारी मी एक घर खाली घेतलं. त्या खूश. मग काही वर्षांनी अजून एक. लॉकडाउननंतर हॉटेल उघडलं तेव्हा एकदम दोन घ्यावी लागली. तेव्हा मी घाबरलो होतो, कळेल म्हणून. पण त्या म्हणाल्या, सलीम, विश्रांतीने आवाज बघ कसा गोड झालाय.”

“सांगितलं का नाही?”

“त्यांनी विचारलं नाही.” मग गाडीकडे हात करून म्हणाले, “गिऱ्हाईकाला गार लागलं पाहिजे. गॅस किती भरला, हे कशाला दाखवायचं? तू उणे चारला हात लावू नकोस. माझा डोळा उघडला की मी आहेच.”

मला ते पटलं. म्हणजे, पटल्यासारखं वाटलं.

मंदाताईंबद्दल थोडं सांगते. मला जेवढं त्यांच्याकडून कळलं तेवढंच. एका फिरत्या नाटक कंपनीत त्या नायिका होत्या. गावोगाव मांडव, पहाटेपर्यंत पदं, आवडलं की लोक ‘वन्स मोअर’ म्हणून ओरडणार आणि तेच पद परत. मग ती कंपनी बंद पडली. त्या पुण्यात येऊन हॉटेलांमध्ये गायला लागल्या. लोक त्याला कॅबरे म्हणायचे, तोंड वाकडं करून. त्यांच्या सख्ख्या भावाने बोलणं सोडलं होतं. “मी तर अंगभर पदर घेऊन उभी राहून गात होते,” त्या सांगतात. “नऊवारीतून पाचवारीत आले आणि हातात माइक आला, एवढाच काय तो फरक. पण एक चांगलं झालं. नाटकात प्रेक्षक अंधारात असतो. इथे मी त्याच्या टेबलापाशी जाऊ शकते.”

आता त्या दर शुक्रवारी वाकडच्या एका हॉटेलच्या लाउंजमध्ये गातात. काचेपलीकडे हायवे आहे. संध्याकाळी गाड्यांचे दिवे एका बाजूने पांढरे आणि एका बाजूने लाल वाहत असतात, आवाज मात्र आत येत नाही. टेबलांवर आयटीतली मुलं-मुली असतात, चाकणच्या कंपन्यांत आलेले परदेशी इंजिनियर असतात. मंदाताई त्यांच्यामधून फिरत गातात. मधेच थांबून बोलतात, कोणाच्या तरी बशीतला शेंगदाणा उचलतात, एखाद्या एकट्या बसलेल्या माणसासमोर पूर्ण कडवं म्हणतात. नाट्यपद, मग क्लबमधलं जुनं गाणं, मग परत पद. पूर्वी एकदा मी सलीमभाईंचा स्टँड धरून आणायला गेले होते तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. परतीच्या बसमध्ये माझा स्टॉप कधी गेला ते कळलं नाही. रहाटणीच्या पुढे जाऊन उतरले आणि चालत मागे आले. तेव्हापासून मला वाटायचं, एकदा तरी या बाईंना साथ करायची.

बुधवारी हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. निखिल सर. नवीनच आले होते.

“सुवर्णा, या शुक्रवारी कीबोर्ड नको. आपण अनप्लग्ड करतोय. रियल हार्मोनियम आणि आवाज. एकदम मिनिमल.”

मी म्हणाले, “सर, कीबोर्डच बरा पडतो.”

“मुंबई ऑफिसमधून मॅडम येणार आहेत. फ्रायडेला लाइव्ह ठेवायचं की स्क्रीन लावून मॅचेस दाखवायच्या, ते त्या परवा बघून ठरवणार. कीबोर्ड बघितला की त्यांना लग्नाचा हॉल आठवतो. तुझ्याकडे हार्मोनियम आहे ना?”

“आहे. पण सर...”

“मग झालं. माइक राहू दे हां. माइक चालतो अनप्लग्डमध्ये.”

मी फोन ठेवला. पेटीला ट्रान्सपोजचं बटण नसतं. काळी पाच दाबली की काळी पाचच वाजते. पट्ट्या सरकवता येतील अशी एक पेटी मिळते, तिला स्केल चेंजर म्हणतात. आमच्या भजनी मंडळातल्या एका काकांकडे ती होती. काका पेटी घेऊन गावच्या सप्ताहाला गेले होते.

मंदाताई आपल्या बोटाने काळी पाच दाबणार. मी ती खरी पट्टी धरून वाजवलं तर अंतऱ्यात आवाज फाटणार, मुंबईच्या मॅडमसमोर. मग लाउंजला स्क्रीन लागणार. काळी तीन धरली तर माझी बोटं त्यांना दिसणार. आणि आधीच सांगितलं, तर त्या शुक्रवारी गायला उभ्या राहतील का, हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी त्यांना सांगायचं ठरवलं. पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मंदाताईंचं मौन असतं. दिवसभर एक शब्द नाही, फोन नाही. मी मेसेज लिहिला. ‘ताई, तुमची पट्टी’ एवढं लिहून खोडला. मग ‘ताई, एक सांगायचं होतं’ असा लिहिला. तोही खोडला. ज्या दिवशी एखादं माणूस आवाज जपायला गप्प बसलंय, त्या दिवशी त्याला हे असं लिहून पाठवायचं, मला जमेना.

आमच्याकडे एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी असते. वडील घरी होते. पेटी त्यांचीच, लातूरकडून येताना आणलेली. ते फडक्याने ती पुसत होते.

“असं काय बघायलालीस माय पेटीकडं?” ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. त्यांनी विचार केला. “मग पेटी लांब ठीव. बोट पोचलंच नाही पायजे त्यांचं.”

“त्या चालत येतात, दादा.”

“मग त्या पट्टीखाली कागद घालू. वाजणारच न्हाई.”

“मग त्या विचारतील, का वाजत नाही.”

“मग मला काय कळतंय,” ते म्हणाले. “कॉलेजात तू जातीस.” आणि पेटी परत पुसायला लागले.

मी पेटी समोर घेऊन बसले. काळी तीनवर सा धरला आणि त्यांचं पद हळूहळू वाजवून पाहिलं. सा काळी तीन. रे काळी चार. ग काळी पाच. सलग तीन काळ्या पट्ट्या. मी तिथेच अडकले. सा, रे, ग. परत सा, रे, ग. वडील म्हणाले, “पुढं जा की, तिथंच कामून फिरायलालीस?” मला काय दिसत होतं ते त्यांना नीट सांगता आलं नाही. मलाही तेव्हा पूर्ण कळलेलं नव्हतं.

शुक्रवारी मी लवकर जाऊन बसले. मंदाताई आल्या आणि थेट आत मेकअपला गेल्या. नाटकातली सवय, तयार झाल्याशिवाय कोणाला भेटत नाहीत. मी दारापाशी दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं.

“काय गं? पोटात गोळा आलाय?”

“हो ताई.”

“यायलाच पाहिजे. ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी बी.कॉम. कर.”

मी परत जाऊन पेटीपाशी बसले.

लाउंज भरलेला होता. मुंबईच्या मॅडम काचेजवळच्या टेबलावर, निखिल सर त्यांच्या मागे उभे. दिवे मंद झाले. मंदाताई जांभळ्या साडीत चालत आल्या, हायवेचे दिवे त्यांच्या मागे हलत होते, आणि क्षणभर मला असं वाटलं की आपण कुठल्या तरी पाण्याखाली आहोत आणि त्या त्यातून चालत येतायत. त्या पेटीपाशी थांबल्या. बोट पुढे केलं. काळी पाच दाबली.

आवाज आला नाही. पेटी वाजायला भाता हलवावा लागतो, हवा द्यावी लागते. माझा डावा हात भात्यावर होता आणि तो हलतच नव्हता.

“हवा दे की,” त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

मी भाता हलवला. काळी पाच वाजली. खरी.

मंदाताईंचे डोळे मिटलेले होते. मी बघत होते. आधी कपाळावर रविवारची ती बारीक आठी आली. मग ती गेली आणि चेहऱ्यावर काहीच राहिलं नाही. त्यांचं बोट तसंच पट्टीवर. कोणीतरी ग्लास ठेवला. मुंबईच्या मॅडमनी मोबाइल पाहिला.

माझा उजवा हात आपोआप गेला. मी त्यांच्या बोटाच्या डावीकडे काळी तीन दाबली.

दोन सूर एकदम वाजायला लागले. वरचा त्यांचा, खालचा माझा. ते भांडले नाहीत. उलट खालचा वाजल्यावर वरचा निवांत झाला, उभं राहून दमलेल्या माणसाला कोणी खुर्ची सरकवावी तसा. मंदाताईंनी डोळे उघडले. माझ्या बोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या. मग माझ्या तोंडाकडे. मला वाटतं तेवढ्यात त्यांना सगळं कळलं. रविवार, सलीमभाई, ती सगळी वर्षं.

त्यांनी बोट उचललं. कपाळाला लावलं. माइक तोंडाशी घेतला.

“मंडळी,” त्या म्हणाल्या, “मी आजवर माडीवर राहत होते. ही पोरगी मला सांगतेय, ताई, खाली अंगणात या, गप्पा मारू.”

दोन-चार टेबलांवर हसू आलं. त्यांनी काळी तीनचा सा घेतला आणि पद सुरू केलं.

तोच सूर, जो त्या इतके शुक्रवार गात होत्या. पण आता माहीत असून गात होत्या. त्यामुळे की काय, त्या वर चढायची घाई करत नव्हत्या. ठेका नव्हता, तबला नव्हता. पदात जिथे जिथे गांधार यायचा, म्हणजे ग, तिथे त्या थांबायच्या. साधं थांबणं नाही, घरी आल्यासारखं. दुसऱ्यांदा थांबल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली. मी काळी पाच दाबून धरली होती. गुरुवारी मला जे दिसत होतं पण सांगता येत नव्हतं, ते हेच होतं. त्यांचा जुना सा आता गांधार होता.

मग त्या गात गात टेबलांमध्ये गेल्या. मी पेटीवर एकटी राहिले. त्या काचेजवळच्या टेबलापाशी पोचल्या तेव्हा मॅडमचा मोबाइल पालथा ठेवलेला होता. पद संपल्यावर मागच्या टेबलावरून एक पिकल्या केसांचे गृहस्थ म्हणाले, “वन्स मोअर.” ओरडले नाहीत, सहज म्हणाले. मंदाताई वळल्या. “अहो, किती दिवसांनी ऐकला हा शब्द,” असं म्हणून त्यांनी तेच पद परत घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर किचनमागच्या पॅसेजमध्ये आम्ही चहा घेत उभ्या होतो. वेटर ट्रे घेऊन येत-जात होते.

“तुला कधी कळलं?”

“रविवारी.”

“तरीच तेव्हा फाटला.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “सलीम काय म्हणाला?”

“म्हणाले, तुम्ही विचारलं नाही.”

“लबाड आहे मेला.” मग बराच वेळ त्या कपात बघत राहिल्या. मला वाटलं रडतील. “अगं, मी सगळ्या सोसायटीला मध-आलं खायला लावलंय. वरच्या मजल्यावरच्या जोशीणबाईंना शुगर आहे, त्यांनापण.”

आम्ही दोघी हसलो. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले, काजळ सांभाळून.

“काळी पाच गेली म्हणून वाईट वाटायला हवं,” त्या म्हणाल्या. “पण ती गेली कुठे? गांधारावर बसलीय.”

निखिल सर आले. शुक्रवार लाइव्हच राहणार होता. मात्र महिन्यातले दोनच, उरलेले दोन मॅचसाठी. आणि बोर्डवर ‘अनप्लग्ड’ लिहायचं, हे मॅडमनी सांगितलं होतं. मंदाताई म्हणाल्या, “लिहा काय लिहायचं ते. पेटीवर हीच पाहिजे.”

सलीमभाईंचा डोळा आता बरा आहे. हॉटेलात आम्ही आलटून पालटून वाजवतो. त्यांचा शुक्रवार असला की कीबोर्डही चालतो, वर कापड टाकून. मंदाताईंनी त्यांना आकडा शून्यावर ठेवायला लावलाय. सलीमभाई कुरकुरतात, कारण इतकी वर्षं काळी पाचवर बसलेली बोटं आता काळी तीनवर न्यावी लागतायत आणि चुकतात. “खोटं सोपं होतं,” असं ते म्हणतात. मंदाताई अजूनही गाण्याआधी काळी पाचवरच बोट ठेवतात. खालचा सूर आम्ही देतो.

मी यातून एवढंच शिकले. दुसऱ्याच्या कीबोर्डवर बसलं की आधी तो छोटा आकडा बघायचा. शून्य नसला तर लगेच शून्य करायचा नाही. आधी तो कोणासाठी ठेवलाय, ते विचारायचं.